आंबवलेल्या पेयांतील मेदाम्ले: ती वेगळी कशी काढतात आणि मोजतात कशी

बिअरच्या पोषणतक्त्यात मेदाच्या रकान्यात बहुधा शून्य लिहिलेले असते आणि आहाराच्या हिशेबापुरते ते खरेही आहे. तरीही बिअर, वाइन किंवा जपानी तांदळाची साके यांच्या प्रत्येक लिटरमध्ये काही मिलिग्रॅम मेदाम्ले विरघळलेली असतात. पेयाला मेणचट, शेळीच्या दुधासारखा उग्र वास येतो की नाही, हे बऱ्याच अंशी या थोड्या मिलिग्रॅमांवर अवलंबून असते. वाइनच्या टाकीत साखर शिल्लक असताना किण्वन मध्येच का थांबले, याचे एक कारणही त्यांच्यात सापडू शकते. बहुतेक सगळा भाग पाणी, अल्कोहोल आणि साखरेचा असलेल्या द्रवातून ही मूठभर रेणूंची टोळी नेमकी बाहेर काढायची आणि मोजायची, हे काम सोपे नाही. ते कसे केले जाते आणि त्यात चूक कुठे होते, हे या लेखात पाहू.

मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची एक साखळी आणि तिच्या एका टोकाला आम्लाचा गट. साखळी पाण्यापासून दूर पळते, आम्लाचा गट पाण्याकडे ओढतो, आणि या दोघांपैकी कोणाचे वजन अधिक यावर त्या आम्लाचा स्वभाव ठरतो. आंबवलेल्या पेयांत मुख्यतः मध्यम लांबीच्या साखळ्या आढळतात: सहा कार्बनचे कॅप्रोइक, आठ कार्बनचे कॅप्रिलिक, दहा कार्बनचे कॅप्रिक आणि बारा कार्बनचे लॉरिक आम्ल. कॅप्रोइक आम्ल एक लिटर पाण्यात सुमारे १० ग्रॅम विरघळते, तर कॅप्रिलिक आम्ल एक ग्रॅमही विरघळत नाही. दोन कार्बन वाढले की पाण्याशी असलेले नाते एवढे तुटते. १६ आणि १८ कार्बनची पामिटिक, स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक ही लांब साखळीची आम्ले मुख्यतः धान्यातून येतात. बिअर बनवताना त्यांचा बहुतेक भाग चोथ्याबरोबर आणि गाळाबरोबर निघून जातो, पण उरलेला अंश फेस मोडतो आणि लिनोलेइक आम्लाच्या ऑक्सिडीकरणातून जुन्या बिअरचा पुठ्ठ्यासारखा वास जन्म घेतो.

मध्यम साखळीची आम्ले मात्र यीस्ट स्वतः घडवते. पेशीला आपल्या पटलासाठी, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणासाठी, मेदाम्ले लागतात आणि ती दोन-दोन कार्बन जोडत साखळी १६ किंवा १८ पर्यंत नेते. त्यानंतर साखळीत दुहेरी बंध घालण्यासाठी तिला ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन नसेल तर यीस्टला ओलेइकसारखे असंपृक्त (दुहेरी बंध असलेले) मेदाम्ल आणि पटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल बाहेरूनच मिळावे लागते, हे अँड्रियासन आणि स्टियर या संशोधकांनी १९५३-५४ मध्ये दाखवून दिले. बंद टाकीत ऑक्सिजन लवकर संपतो, दुहेरी बंध नसलेल्या संपृक्त साखळ्या साचू लागतात, नव्या साखळ्या अर्ध्यावरच सुटतात आणि त्यांचा काही भाग पेशीबाहेर पेयात येतो. बिअर बनवणारे किण्वनाच्या सुरुवातीला वर्टमध्ये (धान्यापासून काढलेल्या, अजून न आंबलेल्या गोड रसात) लिटरमागे ८ ते १० मिलिग्रॅम ऑक्सिजन मिसळतात, ते याच गरजेपोटी. पुढे यीस्ट फार काळ, विशेषतः उबदार टाकीत, बिअरखाली पडून राहिले तर मेलेल्या पेशी फुटतात आणि आम्लांची दुसरी खेप बाहेर पडते.

बिअरमध्ये कॅप्रिलिक आम्ल जाणवू लागण्याची मर्यादा साधारणपणे १५ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास मानली जाते. बहुतेक बिअरमध्ये ते याहून कमी असते, परंतु या कुळातील आम्लांचे वास एकमेकांत मिळून वाढतात. त्यामुळे एकेक आम्ल आपल्या मर्यादेखाली असूनही बिअर मेणचट लागू शकते. चव घेणारा माणूस बेरीज ओळखतो. ती बेरीज कोणकोणत्या आम्लांची आहे हे त्याला सांगता येत नाही, आणि म्हणूनच मोजमापाची गरज पडते.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पाण्यात मेदाम्ल दोन रूपांत राहते. एका रूपात आम्लाचा गट अखंड असतो आणि रेणूवर विद्युतभार नसतो. दुसऱ्या रूपात हायड्रोजन निघून गेलेला असतो आणि रेणू ऋणभारित आयन झालेला असतो. कोणत्या रूपाचे प्रमाण किती, हे द्रवाचा सामू (pH; आकडा जितका लहान तितका द्रव अधिक आम्ल) ठरवतो. या आम्लांच्या बाबतीत सामू सुमारे ४.९ असताना निम्मे रेणू अखंड आणि निम्मे आयनरूप असतात. वाइनचा सामू ३.४ धरला तर सुमारे ९७ टक्के रेणू अखंड असतात, ४.३ सामूच्या बिअरमध्ये सुमारे ८० टक्के; आणि सामू ७ असलेल्या द्रवात जेमतेम एक टक्का. भार नसलेला रेणू तेलकट द्रावकात सहज उतरतो, तर भारित रेणू पाणी सोडत नाही. मोजमापाची सारी युक्ती या एका वाक्यात आहे. यीस्टच्या जिवावर जे बेतते तेही याच कारणाने: पेशीचे पटल मेदाचे असते, म्हणून अखंड रेणू त्यातून आत शिरतो, आतल्या जवळपास उदासीन वातावरणात आपला हायड्रोजन सोडतो आणि पेशी आतून आम्लधर्मी करत जातो. पेशीला तो हायड्रोजन ऊर्जा खर्चून बाहेर फेकावा लागतो. रसायनशास्त्रज्ञाचे द्रावक आणि यीस्टचे पटल एकाच रेणूला दार उघडतात, ही गोष्ट मला या विषयातील सर्वांत सुंदर वाटते, आणि पुढचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात.

मोजणाऱ्या यंत्रापर्यंत (ते पुढे येईल) पोहोचण्याआधी नमुना नीट हाताळावा लागतो. बिअरमधील कार्बन डायऑक्साइड प्रथम काढून टाकतात, नाहीतर पुढे ज्या बंद, तोटीच्या काचपात्रात (फनेलमध्ये) आम्ले काढायची त्यात दाब वाढतो आणि मोजून घेतलेले आकारमानही खोटे ठरते. हे करताना फेस उतू जाऊ देणे महागात पडते, कारण एक टोक पाण्याचे आणि एक टोक तेलाचे असलेले रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागावरच गोळा होतात. फेस सांडला तर आपल्याला हवी असलेली आम्लेच सांडतात. म्हणून नमुना आधी थंड करावा, मोठ्या भांड्यात हलके ढवळावा किंवा ध्वनिलहरींच्या टबात ठेवावा, आणि फेस पूर्ण बसू द्यावा. नमुन्यात यीस्ट असेल तर ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसवतात. गाळणीपेक्षा सेंट्रिफ्यूज बरा, कारण काही गाळणपडदे स्वतःच मेदाम्ले धरून ठेवतात. यीस्ट काढणे लांबवता येत नाही: जिवंत पेशी आम्ले घेत-देत राहतात, मेलेल्या पेशी ती सोडत राहतात, आणि दुसऱ्या दिवशी मोजलेला आकडा आदल्या दिवशीच्या टाकीचा राहत नाही.

यानंतर नमुन्यात थोडे हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल घालून सामू २ च्या आसपास आणतात. तिथे जवळजवळ सगळे रेणू अखंड रूपात येतात. आंबट बिअरचा सामू ३.३ असतो, लागर या साध्या फिकट बिअरचा ४.४. आम्ल न घालता दोन्ही नमुने एकाच पद्धतीने काढले, तर लागरमधील आम्लांचा आंबट बिअरपेक्षा जास्त हिस्सा पाण्यातच अडकतो आणि ज्या फरकाचे श्रेय आपण किण्वनाला देतो तो प्रत्यक्षात फनेलमध्ये निर्माण झालेला असतो. या टप्प्यावर मीठही घालतात. मीठ पाण्याला स्वतःभोवती गुंतवते आणि तेलकट रेणूंसाठी पाण्यात जागा उरत नाही.

सर्वांत जुनी आणि आजही भरवशाची रीत म्हणजे द्रावकाने काढणे. सेपरेटिंग फनेलमध्ये आम्ल आणि मीठ घातलेली बिअर घेऊन तिच्यावर डायइथिल ईथर आणि पेंटेन यांचे मिश्रण किंवा डायक्लोरोमीथेन ओततात. ईथर पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते, डायक्लोरोमीथेन जड असल्याने तळाशी बसते. कोणता थर ठेवायचा आणि कोणता सोडायचा याचा गोंधळ नवख्या हातांकडून इथेच होतो. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणजे विदर्भातील मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ते आपोआप उकळायला लागेल. ते अतिशय ज्वालाग्राहीही असते. ही रीत वापरताना फनेल उलटे करून तोटी वरचेवर उघडावी लागते आणि आतला दाब सोडावा लागतो.

द्रावक एकदाच भरपूर वापरावे की थोडे थोडे करून अनेकदा, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समजा एखाद्या आम्लाची द्रावकातील संहती पाण्यातल्याच्या १० पट होते. १०० मिलिलिटर बिअर ३० मिलिलिटर द्रावकाबरोबर एकदा हलवली, तर आम्लाच्या १०० भागांपैकी २५ भाग बिअरमध्येच राहतात. तेच ३० मिलिलिटर द्रावक दहा-दहाच्या तीन खेपांत वापरले, तर पहिल्या खेपेनंतर ५०, दुसऱ्या खेपेनंतर २५ आणि तिसऱ्या खेपेनंतर साडेबारा भाग उरतात. द्रावक तेवढेच, श्रम तिप्पट, आणि मागे राहिलेला तोटा निम्मा. प्रत्यक्षात लांब साखळीची आम्ले पहिल्याच खेपेत जवळजवळ सगळी निघतात आणि कॅप्रोइक आम्ल मागे रेंगाळते; त्यामुळे घाईने केलेल्या कामात सहा कार्बनचा आकडा सर्वांत आधी बिघडतो.

फनेल जोरजोरात हलवण्याचा मोह टाळावा लागतो. बिअरमधील प्रथिने आणि वाइनमधील पॉलिफिनॉल द्रावकाचे बारीक थेंब धरून ठेवतात आणि दोन स्वच्छ थरांऐवजी मधोमध दह्यासारखा जाड पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात आम्लेही अडकतात. फनेल सावकाश उलटसुलट केले तर तो बहुधा बनतच नाही. बनलाच तर मीठ वाढवून किंवा सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून मोडता येतो. शेवटी द्रावकातील पाण्याचा अंश निर्जल सोडियम सल्फेटने शोषून घेतात आणि नायट्रोजनच्या मंद झोताखाली द्रावक आटवतात. पूर्ण कोरडे होईपर्यंत आटवले तर द्रावकाबरोबर लहान आम्लेही उडून जातात, म्हणून थोडे द्रावक शिल्लक असतानाच थांबणे शहाणपणाचे.

द्रावकाचा खर्च आणि धोका कमी करणाऱ्या रीती नंतर आल्या. एका रीतीत १८ कार्बनच्या साखळ्या चिकटवलेल्या सिलिकाच्या छोट्या नळीतून आम्लयुक्त नमुना सोडतात. मेदाम्ले नळीत अडकतात, साखर आणि क्षार वाहून जातात आणि मग थोड्याशा द्रावकाने आम्ले उतरवून घेतात. दुसरी रीत कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात यानुश पावलिझिन यांनी १९९० च्या सुमारास विकसित केली. तिच्यात केसासारख्या बारीक काचतंतूवर शोषक थर दिलेला असतो. बंद कुपीतील नमुना ४० ते ६० अंशांपर्यंत गरम करून हा तंतू द्रवाच्या वरच्या हवेत काही वेळ धरतात आणि मग थेट यंत्राच्या तापलेल्या तोंडात खुपसतात. द्रावक अजिबात लागत नाही आणि काम स्वयंचलित करता येते, म्हणून प्रयोगशाळांना ती प्रिय आहे. परंतु तंतूवरील जागा मर्यादित असते आणि अल्कोहोल व एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनलेले पदार्थ) तिच्यासाठी आम्लांशी स्पर्धा करतात. पाच टक्के अल्कोहोलच्या बिअरसाठी तयार केलेली प्रमाणरेषा (ठाऊक प्रमाणाच्या द्रवांवरून आखलेली मोजपट्टी) बारा टक्क्यांच्या वाइनला लावली, तर उत्तर नीटनेटके दिसते आणि चुकीचे असते. मापनाचे प्रमाणद्रव त्याच अल्कोहोलचे, त्याच सामूचे आणि तेवढ्याच मिठाचे करणे इथे अनिवार्य आहे.

वेगळी काढलेली आम्ले एकमेकांपासून वेगळी करण्याचे काम गॅस क्रोमॅटोग्राफी करते, आणि तिचा या आम्लांशी जन्मापासूनचा संबंध आहे. १९५२ मध्ये लंडनमध्ये ए. टी. जेम्स आणि ए. जे. पी. मार्टिन यांनी द्रवाचा थर वापरणाऱ्या या पद्धतीवरचा जो पहिला सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषयच फॉर्मिक आम्लापासून बारा कार्बनच्या आम्लापर्यंतच्या बाष्पशील मेदाम्लांचे विलगीकरण हा होता. नळीतून बाहेर येणारे प्रत्येक आम्ल त्यांनी अनुमापनाने (ते उदासीन करायला किती अल्कली लागते यावरून) मोजले. त्याच वर्षी मार्टिन यांना रिचर्ड सिंज यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, मात्र ते त्यांच्या आधीच्या विभाजन-क्रोमॅटोग्राफीच्या कामासाठी. आजच्या यंत्रात तीस मीटर किंवा त्याहून लांब, आतून पातळ थर दिलेली केशनळी तापत्या पेटीत गुंडाळलेली असते. वायूचा प्रवाह नमुन्याला तिच्यातून ढकलतो, कमी तापमानाला उकळणारे आम्ल आधी बाहेर पडते आणि जास्त तापमानाला उकळणारे नंतर. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पदार्थाचे कागदावर एक शिखर उमटते आणि शिखराखालचे क्षेत्रफळ त्याच्या प्रमाणाची खूण असते. शोधक म्हणून हायड्रोजनची ज्योत पुरते. पण दोन पदार्थ एकाच वेळी बाहेर पडत असतील तर रेणू फोडून तुकड्यांचे वस्तुमान मोजणारा वस्तुमान-वर्णपटमापक लागतो, ज्यात अखंड मेदाम्ले ६० वस्तुमानाच्या तुकड्यावरून ओळखू येतात.

आम्ले साध्या केशनळीला चिकटतात आणि त्यांचे शिखर टोकदार न येता शेपटी ओढत येते. यावर दोन उपाय आहेत. आम्लांसाठी खास बनवलेली आम्लधर्मी केशनळी वापरायची किंवा आम्लांचे मिथिल एस्टरमध्ये रूपांतर करायचे. लांब साखळीच्या आम्लांसाठी दुसरा उपाय अनेक दशके रूढ आहे: नमुना मिथेनॉल आणि बोरॉन ट्रायफ्लोराइडबरोबर गरम करतात. आंबवलेल्या पेयांत मात्र या उपायात एक सापळा आहे आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. यीस्ट मेदाम्लांचे काही रेणू अल्कोहोलशी जोडून इथिल एस्टर बनवते. फळासारखा सुगंध देणारे इथिल कॅप्रोएट आणि इथिल कॅप्रिलेट हे त्यांतलेच. गरम आम्लधर्मी मिथेनॉलमध्ये या एस्टरमधील इथिल जाऊन मिथिल येते, आणि मूळचे मोकळे आम्ल व मूळचा एस्टर दोन्ही एकाच शिखरात मोजले जातात. उग्र वासाचे आम्ल आणि मोहक वासाचा एस्टर यांची बेरीज घेऊन चवीबद्दल काहीच बोलता येत नाही. शिवाय कॅप्रोइक आम्लाचा मिथिल एस्टर फार सहज उडतो. माझे मत स्पष्ट आहे: प्रश्न चवीचा किंवा यीस्टच्या तब्येतीचा असेल तर मध्यम साखळीची आम्ले रूपांतर न करता, आम्लधर्मी केशनळीवर, मोकळ्या रूपातच मोजावीत. एस्टरीकरण लांब साखळ्यांसाठी ठेवावे.

या साऱ्या वाटेवर थोडी आम्ले गळणारच. ती किती गळली हे ठरवण्यासाठी अगदी सुरुवातीला, फनेलमध्ये द्रावक पडण्याआधीच, नमुन्यात एक ओळखीचा पाहुणा सोडतात. त्याला अंतर्गत प्रमाण म्हणतात. यीस्ट सम संख्येच्या साखळ्या बनवते, म्हणून सात, नऊ किंवा अकरा कार्बनचे आम्ल या कामासाठी सोयीचे ठरते. एक उदाहरण घेऊ. नमुन्यात नऊ कार्बनचे आम्ल ५ मिलिग्रॅम प्रति लिटर मिसळले. त्याच्या शिखराचे क्षेत्रफळ ४०,००० आले आणि कॅप्रिलिक आम्लाचे ३६,०००. समान प्रमाणात घेतल्यास कॅप्रिलिक आम्लाचे शिखर अंतर्गत प्रमाणाच्या ०.९ पट येते, हे प्रमाणद्रवांवरून आधीच ठाऊक आहे. तर ३६,००० भागिले ४०,०००, गुणिले ५, भागिले ०.९, म्हणजे उत्तर ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आता समजा एखाद्या दिवशी काढणी खराब झाली आणि दोन्ही आम्लांचा ७० टक्केच भाग हाती लागला. क्षेत्रफळे २८,००० आणि २५,२०० होतील, पण त्यांचे गुणोत्तर तेच राहील आणि उत्तरही तेच येईल. या तर्काची ताकद मोठी आहे, मात्र दोन्ही आम्ले सारखीच गळतील या अटीवर ती उभी आहे. नऊ कार्बनचे आम्ल आठ किंवा दहा कार्बनच्या आम्लाची बरोबर साथ करते. सहा कार्बनच्या आम्लाची तितकीशी करत नाही. सर्वांत चोख उपाय म्हणजे हायड्रोजनच्या जागी त्याचेच जड रूप, ड्युटेरियम, असलेले तेच आम्ल वापरणे, जे वागणुकीत जवळजवळ जुळे असते आणि वस्तुमानावरून वेगळे ओळखता येते. ते महाग पडते.

एक खबरदारी राहिली. मेदाम्ले आपल्या बोटांवर असतात, साबणात असतात आणि साबणाने धुतलेल्या काचेवर उरतात. म्हणून नमुन्याऐवजी शुद्ध पाणी घेऊन तीच सगळी कृती करतात. या कोऱ्या चाचणीत पामिटिक आणि स्टिअरिक आम्लाची शिखरे दिसली नाहीत तरच नवल. त्यांचे क्षेत्रफळ वजा करण्याजोगे लहान असेल तर हरकत नाही. पेयातील शिखराच्या बरोबरीने येत असेल तर त्या दोन आम्लांचा आकडा अहवालात देऊ नये.

आता अडलेल्या वाइनकडे वळू. किण्वनात यीस्टने सोडलेली कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्ले पुढे यीस्टलाच विषारी ठरतात आणि अल्कोहोल वाढत जाईल तसे हे विष अधिक भिनते. फ्रान्समधील बोर्दो येथे लाफों-लाफुर्काद, रिबेरो-गेयों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे दाखवले, आणि उपायही सुचवला: आतला गर काढून टाकलेली यीस्टची टरफले वाइनमध्ये घालायची. ही टरफले आम्ले आपल्या पृष्ठभागावर ओढून घेतात आणि उरलेल्या जिवंत यीस्टला पुन्हा काम सुरू करता येते. साधारण ०.२ ते ०.४ ग्रॅम प्रति लिटर एवढे प्रमाण पुरते. उपचार लागू पडला की नाही हे पाहण्यासाठी आधीचा आणि नंतरचा नमुना तपासतात, आणि यीस्ट वेळीच काढण्याचा नियम इथे सर्वांत कडक होतो. टरफले द्रवातच असताना नमुना फनेलमध्ये गेला, तर टरफलांनी धरलेली आम्ले द्रावक पुन्हा ओढून काढते आणि दोन्ही नमुन्यांचा आकडा सारखाच येतो. वाइन बनवणारा मग टरफलांना दोष देतो. टरफले आधी सेंट्रिफ्यूजने बसवून फक्त वरचा निवळ द्रव घेतला, तर यीस्टला खरोखर भेटणारी आम्ले किती उरली आहेत ते कळते.